दुसऱ्या वेळचे कोडे : ॲलर्जीच्या शोधाची कथा

बिब्बा ठाऊक नाही असा जुना मराठी माणूस विरळा. पायात मोडलेल्या काट्यावर बिब्ब्याचा चटका द्यावा, बाळंतिणीच्या लाडवांत गोडंबी घालावी, परटाने कपड्यावर बिब्ब्याच्या तेलाने न पुसणारी खूण करावी, असा त्याचा घरोघर उपयोग होता. परंतु या गुणी फळाबरोबर एक इशाराही पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला : बिब्बा काहींना 'उततो'. एकाच घरातील दोघे भाऊ बिब्बे फोडावयास बसतात. एकाच्या हातावर काळ्या डागापलीकडे काही दिसत नाही. दुसऱ्याचे हातच काय, तोंडही सुजते, अंगावर पाणी भरलेले फोड येतात आणि खाजेने रात्रीची झोप उडते. शिवाय ज्याला तो एकदा उतला, त्याला पुढे जराशा स्पर्शानेही उततो. 'ज्याची त्याची प्रकृती' एवढे म्हणून घरातील वडील माणसे हा विषय संपवीत.

हे उत्तर चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. वस्तू तीच आणि मात्राही तीच असताना ती एकाला का बाधते व दुसऱ्याला का बाधत नाही? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, एकाच माणसाला जे पहिल्या वेळी सोसले, ते दुसऱ्या वेळी का सोसू नये? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला रोगाविषयीची आपली एक जुनी समजूत सोडून द्यावी लागली. 'ॲलर्जी' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्या बदलातून जन्माला आला.

लक्षणे मात्र फार प्राचीन काळापासून वैद्यांच्या परिचयाची होती. चरकसंहितेत 'तमक श्वासा'चे वर्णन आहे. आभाळ भरून आले, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की हा विकार बळावतो आणि आडवे पडलेल्या रोग्याला उठून बसल्यावर बरे वाटते, हे त्या वर्णनकाराने अचूक टिपले आहे. माधवनिदानात अंगावर उठणाऱ्या गांधींचा, म्हणजे शीतपित्ताचा, विचार आहे. इराणातील थोर वैद्य अल् राझी याने वसंत ऋतूत गुलाब फुलले की एका विद्वान गृहस्थास पडसे का होते, यावर एक छोटा प्रबंधच लिहिला. या सर्वांची नजर तीक्ष्ण होती. परंतु कारण शोधताना ते हवेकडे, वासाकडे आणि शरीरातील दोषांकडे वळत. त्या काळच्या ज्ञानाला त्यापलीकडे जाणे शक्यही नव्हते.

आधुनिक काळात या कथेचा प्रारंभ लंडनमध्ये होतो. १६ मार्च १८१९ रोजी तेथील वैद्यकीय मंडळापुढे डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी एक निबंध वाचला. 'जे. बी.' नावाच्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थास दरवर्षी जून महिन्यात डोळ्यांची आग, सतत शिंका, नाकातून पाणी आणि छातीत कोंडमारा असा त्रास होतो. वयाच्या आठव्या वर्षापासून त्यात खंड पडलेला नाही, असे त्यांनी सांगितले. हे 'जे. बी.' म्हणजे खुद्द बॉस्टॉकच होते. पुढे नऊ वर्षे त्यांनी असे आणखी रोगी शोधले, आणि अवघ्या २८ जणांची माहिती त्यांच्या हाती लागली. हा विकार सुखवस्तू लोकांतच दिसतो, गरिबांत मुळीच आढळत नाही, याचे त्यांना नवल वाटले. लोक म्हणत की हा त्रास वाळल्या गवतामुळे होतो. बॉस्टॉक यांना ते पटले नाही. त्यांनी दोष उन्हाळ्याच्या उष्म्याला दिला. अशा रीतीने रोगाचे चित्र पूर्ण रेखाटले गेले, पण त्याचे कारण हातातून निसटले.

ते कारण मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी पकडले. त्यांना स्वतःलाही हाच विकार होता. फुलदाणीतील वाळलेले गवत हलल्याबरोबर आपल्याला शिंकांचा झटका येतो, हे ध्यानात येताच त्यांनी वनस्पतींचे परागकण गोळा केले. ते नाकात ओढले, डोळ्याला लावले आणि कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले. प्रत्येक वेळी त्रास झाला. हे परागकण हवेत किती उंच जातात ते पाहण्यासाठी चिकट द्रव लावलेल्या काचा त्यांनी पतंगाला बांधून हजार फुटांहूनही वर चढविल्या, आणि तेथेही त्यांना पराग सापडले. १८७३ साली त्यांनी आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आज डॉक्टर कातडीवर टोचून ॲलर्जीची जी परीक्षा करतात, तिचे मूळ ब्लॅकलींच्या त्या ओरखड्यात आहे. तथापि एक गोष्ट त्यांनाही उलगडली नाही. ज्यांचे सारे आयुष्य गवतात जाते त्या शेतकऱ्यांना हा परागज्वर क्वचितच होतो, हे त्यांनी नमूद केले. पराग जर विषारी असेल, तर ज्याच्या नाकातोंडात तो सर्वांत अधिक जातो त्यालाच तो का बाधू नये? म्हणजे पराग हे कारणाचे एक अंग होते. दुसरे अंग माणसाच्या शरीरात कोठेतरी दडले होते.

तेथे कोणी शोध घेत नव्हते, याला कारण घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंच्या शोधांनी साऱ्या जगाला दिपवून टाकले होते. १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखविले की, घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे द्रव्य तयार होते. त्या रक्तातील पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्याला टोचले तर त्यालाही संरक्षण लाभते. घोड्यांना विष टोचून त्यांचे सीरम काढण्याचे कारखाने निघाले, आणि घटसर्पाने गुदमरणारी हजारो मुले वाचू लागली. बेहरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी. शरीराची प्रतिकारशक्ती ही केवळ कल्याणकारी शक्ती आहे, असा विश्वास सर्वत्र रूढ झाला.

या विश्वासाला मधूनमधून धक्के बसत होते. सीरम टोचलेल्या काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत. १८९६ साली बर्लिनमधील प्राध्यापक लांगरहान्स यांचा लहान मुलगा, घटसर्प होऊ नये म्हणून दिलेल्या सीरमनंतर काही मिनिटांतच दगावला. त्या घटनेने युरोपभर खळबळ उडाली. सीरम दूषित असेल, सुई चुकीच्या जागी गेली असेल, असे अनेक तर्क झाले. ज्या शक्तीने रक्षण करावयाचे तीच घात करील, ही कल्पना मात्र कोणाला सहजी सुचणारी नव्हती.

ती सुचली समुद्रावर. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या जहाजातून अटलांटिक महासागरात संशोधनासाठी निघाला. त्याच्याबरोबर शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. निळसर फुग्यासारखा तरंगणारा आणि लांब तंतूंनी डंख करणारा 'फायसेलिया' हा प्राणी खलाशांना फार पीडा देई. त्याच्या विषाचा अभ्यास करावा, असे राजाने सुचविले. हा प्राणी आपल्याकडेही परका नाही. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तो लाटांबरोबर येऊन पडतो, व त्याच्यावर पाय पडलेल्या माणसाला त्या वेदनेचा सहसा विसर पडत नाही.

पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना. तेव्हा या दोघांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या समुद्रपुष्प नावाच्या प्राण्याचे विष घेतले. हेतू सरळ होता. कुत्र्यांना थोडे थोडे विष देऊन त्यांना ते पचविण्याची सवय लावावयाची. 'नेपच्यून' नावाच्या एका धष्टपुष्ट कुत्र्याला अल्प मात्रा टोचली. त्याला काही झाले नाही. तीन आठवडे उलटल्यानंतर, तो अगदी ठणठणीत आहे असे पाहून, तीच मात्रा पुन्हा दिली. काही क्षणांतच त्याला धाप लागली, त्याचे पाय लटपटले, रक्ताची ओकारी झाली आणि २५ मिनिटांत तो मेला. पहिल्या टोचणीने त्याचे रक्षण व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तिने त्याला अधिक दुबळे करून ठेवले होते. १५ फेब्रुवारी १९०२ रोजी हा वृत्तान्त पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवण्यात आला. ग्रीक भाषेत 'फायलॅक्सिस' म्हणजे रक्षण. त्याच्या उलट ते 'ॲनाफायलॅक्सिस', असे नाव रिशे यांनी दिले. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यात आणखी एक प्रश्न उरला होता. समुद्रपुष्पाचे द्रव्य मुळात विषच होते. मग हा विषाचाच एखादा विलक्षण गुण नसेल कशावरून? पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मोरिस आर्त्यूस यांनी सशांना घोड्याचे सीरम पुनःपुन्हा टोचून पाहिले. हे सीरम सशाला विषारी नाही. तरीही काही टोचण्यांनंतर त्या जागी सूज येऊ लागली आणि कातडी सडू लागली. म्हणजे बाधा होण्यासाठी वस्तू विषारी असण्याची गरज नव्हती. ती परकी असणे आणि तिची शरीराशी पूर्वी गाठ पडलेली असणे, एवढे पुरेसे होते.

आता या विखुरलेल्या घटनांना एका सूत्रात ओवणारा माणूस हवा होता. तो व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात सापडला. क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा जन्म १८७४ सालचा. उमराव घराण्यातील हा तरुण आधी ईश्वरविद्या व तत्त्वज्ञान शिकला आणि मग वैद्यकाकडे वळला. त्यांचे सहकारी बेला शिक हंगेरीतून आलेले. व्हिएन्नात त्या वेळी लोहितांग ज्वराच्या मुलांना घोड्याचे सीरम मोठ्या प्रमाणात टोचीत. हे दोघे डॉक्टर रोज त्या मुलांच्या खाटांपाशी उभे राहून ताप कोणत्या दिवशी आला, गांधी केव्हा उठल्या, टोचणी पहिली होती की दुसरी, याच्या तारखा टिपून ठेवीत. प्रयोगशाळेतील एखादे नवे उपकरण त्यांच्यापाशी नव्हते. त्यांची सारी सामग्री म्हणजे दिनदर्शिका आणि वही.

त्या तारखांनी एक गोष्ट उघड केली. पहिल्यांदा सीरम घेणाऱ्या मुलाला त्रास होतो तो आठव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत केव्हातरी. परंतु ज्या मुलाने काही आठवडे किंवा महिने आधी सीरम घेतलेले असते, त्याला तोच त्रास काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होतो. घोड्याचे सीरम दोघांच्या शरीरात सारखेच गेले. ते स्वतःच रोग निर्माण करीत असते, तर दोघांनाही सारख्याच वेळाने त्रास व्हावयास हवा होता. पिर्के यांचा निष्कर्ष असा : शरीर परक्या द्रव्याची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध एक द्रव्य, म्हणजे प्रतिपिंड, तयार करते, आणि त्याला आठ-दहा दिवस लागतात. सीरम अजून शरीरात शिल्लक असतानाच प्रतिपिंड तयार झाले की दोहोंची टक्कर होते, व ती टक्कर हाच रोग. दुसऱ्या वेळी शरीर आधीच सज्ज असते, म्हणून टक्कर लगेच होते. १९०५ साली या दोघांनी 'सीरमरोगा'वरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ सीरमपुरते नव्हते. तोवर रोग म्हणजे बाहेरून आलेल्या शत्रूचे कर्तृत्व, अशी समजूत होती. पिर्के म्हणाले की ताप, पुरळ आणि सूज यांत शरीराच्या स्वतःच्या कृतीचाही वाटा असतो. रक्षण आणि पीडा या दोन निरनिराळ्या शक्ती नव्हेत. परक्या वस्तूशी एकदा गाठ पडल्यानंतर शरीर पहिल्यासारखे राहत नाही. त्याची वागण्याची रीत बदलते. हा बदल कधी हिताचा ठरतो, कधी घाताचा. या बदललेल्या वागणुकीला नाव देण्यासाठी त्यांनी १९०६ साली ग्रीक भाषेतील 'दुसरा' व 'कार्य' या अर्थांचे दोन शब्द जोडून 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. देवीची लस टोचून घेतलेला माणूस दुसऱ्या टोचणीला लवकर प्रतिसाद देतो, तीही त्यांच्या मते ॲलर्जीच होती. पुढे लोकव्यवहारात या शब्दाचा अर्थ आकुंचन पावला आणि तो फक्त पीडेपुरता उरला. नावडत्या माणसाचीही 'ॲलर्जी' असते असे लोक गमतीने म्हणू लागले, आणि मूळ विचारातील खोली नजरेआड झाली.

सिद्धान्त मांडला गेला. पण परागज्वराच्या किंवा दम्याच्या रोग्याच्या रक्तात ते द्रव्य खरोखरच आहे काय? हे १९२१ साली ब्रेस्लाउ येथे दोन डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या अंगावर पाहिले. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजविलेली मासळी चालत नसे. एक घासही घेतला तर अंगभर गांधी उठत. कार्ल प्राउस्निट्झ यांना मासळीपासून काहीच त्रास नव्हता. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील थोडे सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतले व दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. पाहता पाहता तेथे लाल गांधी उठली. बाजूच्या कातडीवर काहीच झाले नाही. एका माणसाची 'प्रकृती' अशा रीतीने दुसऱ्या माणसाच्या कातडीच्या एका ठिपक्यात नेऊन ठेवता आली. ज्याला लोक नखरा किंवा मनाचा खेळ म्हणून हसत, ते रक्तात वाहणारे एक खरेखुरे द्रव्य होते, याचा हा पहिला निर्विवाद पुरावा. १९३३ साली प्राउस्निट्झ यांना जर्मनी सोडावी लागली; उत्तरायुष्यात त्यांनी इंग्लंडच्या वाइट बेटावर साध्या डॉक्टरचा व्यवसाय केला.

दरम्यान टक्कर झाल्यावर शरीरात नेमके काय सुटते, याचाही तपास चालू होता. १९१० साली लंडनमध्ये हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामीन नावाच्या द्रव्याचे परिणाम पाहिले. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळल्या जातात. हे चित्र नेपच्यूनच्या मृत्यूशी विलक्षण जुळत होते. हे द्रव्य साठविणाऱ्या पेशींचे वर्णन पाउल एर्लिश यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. दाण्यांनी गच्च भरलेल्या म्हणून त्यांनी त्यांना 'मास्ट', म्हणजे पोसलेल्या, पेशी असे नाव दिले होते; पण त्या दाण्यांत हिस्टामीन असते हे १९५३ साली राइली व वेस्ट यांच्या प्रयोगांनी कळले. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे व त्यांच्या सहकारी आन-मारी स्टाउब यांना हिस्टामीनला रोखणारे पहिले द्रव्य मिळाले. शिंका व खाज यांवर आज डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांतील बऱ्याचशा त्या वंशाच्या आहेत.

रक्तातील त्या द्रव्याला मात्र अजून नावगाव नव्हते. इतर प्रतिपिंडांच्या मानाने ते हजारो पटींनी कमी असल्यामुळे हाती लागत नव्हते. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने त्याचा माग काढला. त्यांनीही आपल्याच पाठीच्या कातडीवर टोचण्या घेऊन परीक्षा केल्या. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांना एका रोग्याच्या रक्तात हेच द्रव्य वेगळ्या वाटेने सापडले. दोघांचे द्रव्य एकच आहे याची खात्री पटल्यावर १९६८ साली त्याला 'इम्युनोग्लोब्युलिन ई', थोडक्यात 'आयजीई', असे नाव देण्यात आले.

आता साखळी जुळली. पराग, मासळी किंवा औषध प्रथम शरीरात जाते, तेव्हा काही माणसांत त्याच्याविरुद्ध आयजीई तयार होते आणि मास्ट पेशींवर जाऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. तीच वस्तू पुन्हा आली की ती या आयजीईला चिकटते, मास्ट पेशी आपले कोठार रिते करतात आणि काही मिनिटांत गांधी, शिंका, दमा किंवा प्राणघातक कोसळणे यांपैकी काहीतरी घडते. पहिली भेट निमूट होते. पीडा होते ती दुसरीत. निसर्गाने अशी धोक्याची व्यवस्था का ठेवली असावी? आतड्यांतील जंत व तत्सम परोपजीवींशी लढण्यासाठी ती उपयोगी पडत असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मग बिब्ब्याचे काय? तो उततो तो काही मिनिटांत नव्हे, तर एक-दोन दिवसांनी. ही गोष्ट निराळ्या जातीची आहे. क्षयाच्या जंतूंपासून केलेले ट्युबरक्युलिन टोचल्यावर ज्याच्या शरीरात ते जंतू पूर्वी शिरलेले असतात त्याच्या कातडीवर दोन-तीन दिवसांत गाठ येते. पिर्के यांनीच १९०७ साली ही परीक्षा प्रचारात आणली. १९४२ साली लांडस्टायनर व चेस यांनी गिनीपिगांवर दाखविले की, असा सावकाश उमटणारा प्रतिसाद एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतो तो सीरमने नव्हे, तर पांढऱ्या पेशींनी. म्हणजे शरीराची आठवण रक्तातील द्रव्यात असते तशीच ती पेशींतही असते. १९६३ साली जेल व कूम्ब्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी या सर्व घटनांचे चार वर्ग केले. काही मिनिटांत होणारा तो पहिला, न जुळणारे रक्त दिल्यावर प्रतिपिंडांनी रक्तपेशी फोडाव्यात तसा दुसरा, सीरमरोगाचा तिसरा, आणि ट्युबरक्युलिनचा व बिब्ब्याचा चौथा. ही वाटणी अपुरी असली तरी डॉक्टर आजही तिचा आधार घेतात.

चौथ्या वर्गाची उदाहरणे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातील. काजूच्या टरफलातील तेलाने गोव्यात व कोकणात हात उततात, आणि आंब्याचा चीक ओठाला लागून कित्येकांना फोड येतात, ते याच नात्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर चमत्कारिक चट्टे उठू लागले. चौकशी केली तेव्हा परटाने कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण नेमकी त्याच जागी टेकत असल्याचे आढळले. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले. त्याची सूक्ष्म धूळ वाऱ्याने अंगावर बसून शेतकऱ्यांच्या चेहऱ्याला, मानेला व कोपरांच्या घड्यांना जो चिवट इसब होतो, तोही याच वर्गातला. ब्लॅकलींचा शेतकरी परागापासून सुटला होता. आपला शेतकरी या गवताच्या तावडीत सापडला.

आठवण ही अशी दुधारी असेल, तर तिला निराळा धडा देता येईल काय? १९११ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लेनर्ड नून यांनी परागज्वराच्या रोग्यांना परागाचा अर्क अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने टोचला. परागात विष असते ही त्यांची उपपत्ती चुकीची होती. उपाय मात्र खरा ठरला, आणि जॉन फ्रीमन यांनी तो पुढे चालविला. शंभर वर्षांनंतर अन्नाच्या बाबतीतही असाच धडा मिळाला. इंग्लंडमधील ज्यू मुलांत भुईमुगाच्या दाण्यांची ॲलर्जी इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आढळली. इस्रायलमध्ये तान्ह्या मुलांना शेंगदाण्याचा खाऊ लवकर देतात, इंग्लंडमध्ये तो टाळीत. मग लंडनमध्ये धोक्याच्या गटातील ६४० तान्ह्या मुलांवर प्रयोग झाला, व लवकर दाणे खाल्लेल्या मुलांत ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. टाळणे म्हणजेच रक्षण, ही समजूत येथेही उलटली. अर्थात ज्याला ॲलर्जी आधीच जडली आहे त्याने असले प्रयोग घरी मुळीच करू नयेत.

या इतिहासाचा रोजच्या जीवनाशी संबंध कोठे येतो? पहिल्या वेळी निर्धोक ठरलेली वस्तू दुसऱ्या वेळीही निर्धोक असेल असा भरवसा नाही, ही त्याची शिकवण आहे. पेनिसिलीनने असंख्य प्राण वाचविले. परंतु एखाद्याच्या अंगावर त्याने एकदा पुरळ उठले असेल, तर पुढची टोचणी त्याच्या जिवावर बेतू शकते. सर्पदंशावर आपल्या देशात दिले जाणारे औषध आजही घोड्यांच्या रक्तापासून बनते. ते देताना डॉक्टर ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवतात, कारण घसरता रक्तदाब व आवळलेला श्वास सावरण्यास त्याच्याइतके त्वरित गुणकारी दुसरे औषध नाही. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, दम लागला, भोवळ आली, तर खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसण्यात घात आहे. त्या क्षणी रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावी अशी आहे. 'मला हे चालत नाही' म्हणणाऱ्या मुलाला किंवा नव्याने घरात आलेल्या सुनेला हट्टी व नाजूक ठरवून तोच पदार्थ आग्रहाने वाढण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. बॉस्टॉक यांचा आजार कित्येकांना श्रीमंती चोचला वाटला होता. क्युस्टनर यांची मासळीची अडचण एका ठिपक्याएवढ्या गांधीने खरी ठरविली. म्हणून अशा तक्रारीला हसू नये. कोणत्या औषधाने वा अन्नाने, किती वेळाने, काय झाले, हे तारखेसह एका कागदावर लिहून ठेवावे, आणि डॉक्टर 'हे औषध पूर्वी घेतले होते काय?' असे विचारतील तेव्हा तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा. व्हिएन्नाच्या त्या दोन डॉक्टरांनीही आपल्या वहीत याहून निराळे काही लिहिले नव्हते.